इन्व्होल्यूशन नेमकं कुठलं? ग्रुप अल्जेब्रातली युनिट्स मोजताना

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी कोल्हापुरात एम.एस्सी. भाग २ ला आहे. प्रोजेक्टसाठी ग्रुप अल्जेब्रातली युनिट्स आणि इन्व्होल्यूशन्स हा विषय घेतलाय. एका पेपरात इन्व्होल्यूशन म्हणजे वर्ग केल्यावर १ येणारा घटक, दुसऱ्यात स्टार नावाचं मॅप. हे एकच आहे का? शिवाय दोन घटकांच्या फील्डवर एस-३ ची युनिट्स मोजली तर माझी ३२ येतात, गाईड सर १२ म्हणतात. विषय बदलू का?’

विषय बदलू नकोस. तू जिथं अडलीस तिथं अडायलाच हवं होतं, कारण एकाच शब्दाला दोन कामं लावलेली आहेत आणि तुझ्या विषयात ती दोन्ही एकाच पानावर चालतात. कोल्हापुरात एम.एस्सी.च्या मुलांना अल्जेब्रा शिकवायला लागून मला २७ वर्षं झाली. या जागी न अडखळता पुढं गेलेली मुलं पुढच्या प्रकरणात हमखास अडकतात, हे मी पाहिलंय.

आधी एस-३ चं, म्हणजे तीन वस्तूंच्या अदलाबदलींच्या ग्रुपचं मिटवू. युनिट म्हणजे ज्याला गुणाकारात व्यस्त आहे असा घटक. फील्डमध्ये फक्त ० आणि १ असले (आणि १ + १ = ०), तर ग्रुप अल्जेब्राचा एक घटक म्हणजे ग्रुपमधले काही घटक निवडून केलेली बेरीज. एस-३ मध्ये ६ घटक, म्हणून अल्जेब्रात ६४. सगळ्या सहगुणकांची बेरीज घेणारं जे ऑगमेंटेशन मॅप, ते गुणाकार जपतं. त्यामुळं युनिटचं ऑगमेंटेशन शून्य असू शकत नाही, म्हणजे युनिटमध्ये पदं विषमच हवीत. विषम पदांचे घटक ३२, आणि तू तिथंच थांबलीस. पण ‘युनिट असेल तर पदं विषम’ एवढंच सिद्ध झालंय, उलट दिशा सिद्ध झालेली नाही. अ हा ऑर्डर ३ चा (म्हणजे ज्याचा तिसरा घात प्रथमच १ होतो असा) घटक घे आणि १ + अ + अ² ला १ + अ नं गुणून बघ. सहा पदं येतात, १, अ आणि अ² प्रत्येकी दोनदा, आणि सगळी कटून शून्य उरतं. पदं तीन, विषम, तरी घटक शून्यभाजक, म्हणजे शून्य नसलेल्या घटकानं गुणून शून्य होणारा. तो युनिट कसा होईल?

सरांचे १२ असे येतात. हा अल्जेब्रा दोन तुकड्यांत फुटतो. एक तुकडा ऑर्डर २ च्या ग्रुपचा अल्जेब्रा, त्यात युनिट्स २. दुसरा दोन घटकांच्या फील्डवरच्या २×२ मॅट्रिक्सेस, त्यात व्यस्त असलेल्या ६. गुणाकार १२. हे १२ कोण, तेही हातानं सापडतं. एस-३ चे स्वतःचे ६ घटक झाले. मग सगळ्या सहा घटकांची बेरीज घे, तिला ब म्हण. ब चा वर्ग म्हणजे सहा वेळा ब, म्हणजे शून्य. म्हणून १ + ब चा वर्ग १ येतो, तो युनिट आहे, आणि त्यात पाच पदं आहेत. त्याला ग्रुपच्या घटकांनी गुणलं की पाच पदांची सहाही युनिट्स मिळतात. एक पदाची ६, पाच पदांची ६, कोटा संपला. मधली तीन पदांची जी २० आहेत, त्यातलं एकही युनिट नाही. प्रोजेक्टमध्ये हे वाक्य नक्की लिही, वाचणाऱ्याला लगेच कळेल की तू स्वतः मोजलंयस.

‘पदं विषम म्हणजे युनिट’ हा तुझा नियम खोटा नाही, त्याचं गाव वेगळं आहे. फील्ड दोन घटकांचं आणि ग्रुपची ऑर्डर (घटकांची संख्या) २ चा घात असेल तर तो पूर्ण खरा आहे. कारणही लहानसं आहे. अशा ग्रुपच्या सेंटरमध्ये (सगळ्यांशी कम्युट करणाऱ्या घटकांत) ऑर्डर २ चा एक घटक मिळतोच, त्याला झ म्हणू. (१ + झ)² = १ + झ² = ०. झ ला १ मानून लहान ग्रुपकडं गेलं, तर वाटेत जे हरवतं ते सगळं १ + झ च्या पटीत असतं, आणि झ सेंटरमध्ये असल्यानं त्या पटींचा वर्ग शून्य. विषम पदांचा एक घटक उ घे; लहान ग्रुपमध्ये त्याला व्यस्त मिळालं असेल, तर ते वर उचलून आणल्यावर गुणाकार १ + न असा येतो, न² = ०, आणि (१ + न)² = १. म्हणजे वरही उ युनिटच. असं उतरत गेलं की शेवटी नुसतं फील्ड उरतं. म्हणून ऑर्डर ८ च्या कुठल्याही ग्रुपला दोन घटकांच्या फील्डवर बरोबर १२८ युनिट्स. एस-३ ची ऑर्डर ६, तिच्यात ३ घुसलाय, म्हणून तिथं हा जिना नाही.

आता शब्दाचं. पहिला अर्थ ग्रुप थिअरीतला: इन्व्होल्यूशन म्हणजे ऑर्डर २ चा घटक, उ² = १ पण उ स्वतः १ नाही. दुसरा अर्थ रिंग थिअरीतला: इन्व्होल्यूशन म्हणजे अल्जेब्राचं स्वतःवरचं असं मॅप, जे दोनदा लावलं की मूळ घटक परत येतो, बेरीज जपतं आणि गुणाकाराचा क्रम उलटवतं. ग्रुप अल्जेब्रात नेहमीचा स्टार म्हणजे सहगुणक जागच्या जागी ठेवून प्रत्येक ग्रुपघटकाच्या जागी त्याचं व्यस्त लिहायचं. पहिल्या अर्थानं इन्व्होल्यूशन हा अल्जेब्रात राहणारा घटक आहे, दुसऱ्या अर्थानं ते सगळ्या अल्जेब्रावर चालणारं मॅप आहे. नाव एकच पडलं, कारण ‘दोनदा केलं की जसं होतं तसं’ हे दोघांनाही लागू आहे.

क्रम उलटवणं हे विसरायचं नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलानं (उव)* = उ*व* असं धरून डी-८ ची (चौरसाच्या सममितींचा ८ घटकांचा ग्रुप) चार पानं भरली होती. सी-४ (ऑर्डर ४ चा चक्रीय ग्रुप) आणि सी-२×सी-२ ला सगळं जुळलं होतं, कारण तिथं क्रमाला किंमतच नाही, आणि डी-८ ला काहीच जुळेना. त्याला मी एवढंच विचारलं, पन्हाळ्याला कसा जातोस? शिवाजी पूल, मग केर्ली, मग वाघबीळ. आणि येताना? वाघबीळ, केर्ली, शिवाजी पूल. त्यानं वही ओढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी चारही पानं नव्यानं लिहून आणली.

स्टार आला की युनिटरी युनिट येतं: ज्या युनिटसाठी उउ* = १, म्हणजे उ* हेच त्याचं व्यस्त. ग्रुपचे घटक तर युनिटरी असतातच. आणखी कोणी आहे का, या प्रश्नाला पूर्णांकांवर आणि कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये (जिथं १ + १ = ०) अगदी वेगळी उत्तरं मिळतात, आणि ती दोन्ही एकाच ओळीतून निघतात. मला या विषयात सगळ्यात आवडती ओळ हीच. उउ* मध्ये ग्रुपच्या १ चा सहगुणक काढ. एखादा घटक आणि त्याचं व्यस्त भेटलं तरच १ मिळतो, म्हणून तो सहगुणक म्हणजे उ च्या सगळ्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज. पूर्णांकांवर ही बेरीज १ हवी. पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज १ व्हायची तर एकच सहगुणक +१ किंवा −१, बाकी सगळे शून्य. झालं, पूर्णांकांवर युनिटरी युनिट्स म्हणजे ग्रुपचे घटक आणि त्यांची ऋण रूपं, दुसरं कोणी नाही. कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये मात्र वर्गांची बेरीज म्हणजे बेरजेचा वर्ग, म्हणजे ऑगमेंटेशनचा वर्ग. ऑगमेंटेशन १ असेल तर ही अट आपोआप पाळली जाते आणि तिच्याकडून काहीच बंधन येत नाही. म्हणून तिथं युनिटरी युनिट्सची गर्दी असते.

पूर्णांकांवर युनिटरी नसलेली युनिट्स भरपूर असू शकतात. सी-५ मध्ये जनरेटर क्ष घेऊन (क्ष + क्ष⁴ − १)(क्ष² + क्ष³ − १) हा गुणाकार स्वतः कर. नऊ पदं लिही, क्ष⁵ = १ वापर, आठ पदं एकमेकांना कापतात आणि १ उरतो. यातल्या पहिल्या कंसाला उ म्हण. उ* = उ आहे, पण उ² म्हणजे १ नाही, तेव्हा हा युनिट युनिटरी नाही. डी-८ मध्ये आणखी सोपं: अ ऑर्डर ४ चा, ब ऑर्डर २ चा, बअ = अ³ब. (१ − ब)अ(१ + ब) याचा वर्ग शून्य, कारण मधोमध (१ + ब)(१ − ब) येऊन बसतं. त्यात १ मिळवला की १ + अ − अ³ + अब − अ³ब हा युनिट झाला, त्याचं व्यस्त बेरजेच्या जागी वजाबाकी करून मिळतं. क्यू-८ मध्ये, म्हणजे ऑर्डर ८ च्या क्वाटर्नियन ग्रुपमध्ये, ही युक्ती चालत नाही. ग्रॅहॅम हिग्मननं १९४० मध्ये दाखवलं की सांत ग्रुपच्या पूर्णांक ग्रुप रिंगमध्ये ग्रुपचे घटक आणि त्यांची ऋण रूपं यांपलीकडं युनिट नसणं फक्त दोनच प्रकारांत घडतं: एक तर ग्रुप आबेली (कम्युटेटिव्ह) असावा आणि त्याचा एक्स्पोनंट (सगळ्या घटकांना १ करणारा सर्वांत लहान घात) ४ ला किंवा ६ ला भाग देणारा असावा, नाहीतर तो क्यू-८ ला ऑर्डर २ च्या काही ग्रुपांनी गुणून झालेला असावा. डी-८ आणि क्यू-८ ही जोडी तेव्हापासून या विषयात पुन्हा पुन्हा समोर येते, आणि तुझ्या प्रोजेक्टचा गाभाही मी तिलाच करेन.

तर मोजू या. फील्ड दोन घटकांचं, ग्रुप डी-८. प्रत्येक घटक उ = क + खब असा लिही, क आणि ख मध्ये फक्त अ चे घात. क = क० + क१अ + क२अ² + क३अ³, ख तसंच. बक = क*ब हे वापरून वर्ग काढ:

उ² = क² + खख* + ख(क + क*)ब

आता चार संख्या ठेव: प = क० + क२, त = क१ + क३, स = ख० + ख२, द = ख१ + ख३. क² = प + तअ². खख* = (स + द) + सद(अ + अ³), त्यात अ² चं पद येत नाही, कारण ते दोनदा येऊन कटतं. क + क* = त(अ + अ³). उ² = १ हवं असेल तर त = ०, सद = ० आणि प + स + द = १ एवढंच पुरतं, ब चं पद त = ० झालं की आपसूक जातं. प, त, स, द च्या प्रत्येक निवडीमागं उ चे १६ घटक उभे आहेत. त ठरला, (स, द) साठी तीन पर्याय, प त्यांच्यावरून ठरतो. ३ × १६ = ४८, त्यातला १ सोडला की ४७. डी-८ च्या पोटात स्वतःचे ऑर्डर २ चे घटक ५, युनिट्सच्या ग्रुपमध्ये ४७.

क्यू-८ साठी फरक एवढाच की ब² = अ². खख* ला अ² नं गुणलं जातं आणि अटी बदलतात: प = १, त = स + द, सद = ०, शिवाय त(अ + अ³)ख = ०. त जर १ असेल तर शेवटची अट स आणि द दोघांनाही शून्य करते, मग त = ० होतो, म्हणजे विसंगती. त = ० असेल तर स = द आणि सद = ०, म्हणून दोन्ही शून्य. चार संख्यांची एकच निवड उरली, १६ घटक, १ सोडून १५. आणि हे १५ म्हणजे १ मध्ये १ + अ² ची एखादी पट मिळवून होणारे घटकच, सगळे एकमेकांशी कम्युट करणारे. दोन्ही ग्रुपांची ऑर्डर ८, दोन्हीकडं १२८ युनिट्स, पण एकीकडं ऑर्डर २ चे ४७ आणि दुसरीकडं १५. त्यामुळं युनिट्सचे ग्रुप आयसोमॉर्फिक (रचनेनं एकसारखे) असूच शकत नाहीत.

दुसऱ्या अर्थाच्या इन्व्होल्यूशननं तेच मोज. डी-८ मध्ये (खब)* = खब, म्हणून उउ* = कक* + खख*, आणि अट उरते पत + सद = ०. प + त + स + द = १ असलेल्या आठ निवडींत एकच १ असलेल्या चार पास होतात, तीन १ असलेल्या चार नापास. ४ × १६ = ६४ युनिटरी युनिट्स. वरचे ४७ सगळे यात आहेत, तपासून बघ. क्यू-८ मध्ये (१ + अ²)कख = ० ही आणखी एक अट येते, पण त्या चारही निवडी तीही पाळतात. पुन्हा ६४. म्हणजे या फील्डवर ऑर्डर २ चे घटक मोजले तर दोन ग्रुप वेगळे कळतात, आणि युनिटरी मोजले तर आकडा सारखाच येतो. तुझे दोन पेपर दोन वेगळ्या गोष्टी बोलत होते याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

फील्ड चार घटकांचं घे. स्टार तसाच, सहगुणकांना हात लावायचा नाही. डी-८ मध्ये द = १ + प + त + स घालून अट लिहिली की ती (प + स)(त + स) = स अशी दुमडते. प + स आणि त + स मनाला येतील ते निवड, स त्यांच्यावरून ठरतो. म्हणून १६ निवडी, प्रत्येकीमागं ४⁴ = २५६ घटक, एकूण ४०९६. क्यू-८ मध्ये जादा अटीतून (प + त)(स + द) = ० येतं, त्यामुळं एकतर स = द = ० किंवा प = त = ०, आणि उरलेल्या दोघांत एक ०, एक १. चारच निवडी, ४ × २५६ = १०२४. दोन घटकांच्या फील्डवर जो फरक लपला होता तो इथं उघडा पडला. फील्ड मोठं केलं की अटी कशा सैल किंवा घट्ट होतात, हे या दोन आकड्यांत दिसतं. प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण मी यावरच लिहिलं असतं.

मोठं चित्र थोडं सांगतो, तोंडी परीक्षेत विचारतातच. ग्रुप अल्जेब्रा बघून ग्रुप ओळखता येतो का, हा जुना प्रश्न. कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये डिएगो गार्सिया-लुकास, लिओ मार्गोलिस आणि आंखेल देल रिओ यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ऑर्डर ५१२ चे दोन वेगळे ग्रुप दिले, ज्यांचे ग्रुप अल्जेब्रा आयसोमॉर्फिक आहेत. पूर्णांकांवरचा तसाच प्रश्न मार्टिन हर्टवेकनं २००१ मध्ये प्रतिउदाहरण देऊन सोडवला होता. आणि अनंत ग्रुपांच्या बाजूला कॅप्लान्स्कीचं युनिट कंजेक्चर: ग्रुपमध्ये १ सोडून सांत ऑर्डरचा घटक नसेल, तर फील्डवरच्या ग्रुप अल्जेब्रात सहगुणक गुणिले ग्रुपघटक यापलीकडं युनिट नाही. २०२१ मध्ये जाइल्स गार्डमनं दोन घटकांच्या फील्डवर २१ पदांचं युनिट समोर ठेवलं आणि ते मोडलं. त्याच वर्षी ॲलन मरेनं बाकीच्या अविभाज्य कॅरॅक्टरिस्टिकमध्येही तशी युनिट्स दिली, आणि २०२३ च्या शेवटी गार्डमनंच कॅरॅक्टरिस्टिक शून्यमध्ये. २१ पदं, सगळे सहगुणक १. तू एस-३ ला जे केलंस तेच काम, फक्त ग्रुप अनंत. कुठं शोधायचं हे कळायला मात्र ८० वर्षं लागली.

कामाचं एक. गॅप हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातल्या लगुना नावाच्या पॅकेजमध्ये ग्रुप अल्जेब्रातल्या युनिट्ससाठीची साधनं आहेत. पण ते शेवटी उघड, आकडे पडताळायला. आधी ४७, १५, ६४ हे सगळे वहीत हातानं आले पाहिजेत, नाहीतर मशीननं दिलेला आकडा कुठून आला हे तोंडी परीक्षेत सांगता येणार नाही. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावरच लिही की तू ऑर्डर २ च्या घटकाला ‘ऑर्डर २ चा घटक’ म्हणणार आहेस आणि ‘इन्व्होल्यूशन’ हा शब्द फक्त स्टारसाठी ठेवणार आहेस. मग शेवटपर्यंत तेच पाळ.

डी-१६ ला क + खब हीच मांडणी चालते, फक्त अ ची ऑर्डर ८ होते आणि खख* मध्ये अ, अ², अ³ अशी जास्त पदं येतात. ते करून बघ. खर्डेकर ग्रंथालयात मी बहुतेक शनिवारी दुपारी असतो, अडलं तर वही घेऊन ये, तिथून पुढं बसून करू.